खान्देशच्या उन्हात कृष्णधवल : डेव्हलपर कोणता धरावा, आणि मीटरकडे किती बघावं?

केळीबागवाला (रावेर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

दोन वर्षांपूर्वी मामांचा पेंटॅक्स के १००० माझ्याकडे आला. ५० एमएमची लेन्स, उसवलेलं चामडी कव्हर आणि आत अर्धा वापरलेला रोल. बॅटरीचा खण गंजलेला, त्यामुळे उजेड मोजणारं मीटर बंद. बाकी कॅमेरा पूर्ण यांत्रिक. शटर १ सेकंदापासून १/१००० पर्यंत बॅटरीशिवाय ठणठणीत चालतं. तेव्हापासून मी कृष्णधवलच काढतो आणि रोल घरीच धुतो.

अडचण अशी की वर्षभरात चौदा रोल धुतले आणि तेवढ्यात पाच डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारी रसायनं, बदलले. डी-७६, रॉडिनल, एचसी-११०, एकदा कॉफी आणि धुण्याच्या सोड्याचा, एकदा मित्राने बाटलीत भरून दिलेला. कुणाचा सुंदर फोटो पाहिला की त्याखालचं डेव्हलपरचं नाव वाचायचं आणि तोच मागवायचा, असं चाललंय. एका रोलमध्ये फोटोवरचा दाणा मोहरीएवढा, दुसऱ्यात आभाळ पांढरंफटक, तिसऱ्यात सगळं राखेसारखं. कशामुळे काय झालं, काही सांगता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. गेल्या आठवड्यात आमच्या शिवारात केळीची कापणी होती. एक माणूस खांद्यावर घड घेऊन बागेतून बाहेर आला, आतल्या अंधारातून एकदम बांधावरच्या उन्हात. शर्टावर चिकाचे डाग, जुने वाळून काळे पडलेले आणि एक नवा, अजून ओला. उन्हाने त्याने डोळे बारीक केले. मी फोनमधलं मीटर काढलं, आकडा पाहिला, रिंग फिरवली आणि वर बघतो तर घड ट्रॉलीत गेलेला. 'पुन्हा आत जाऊन या' असं सांगणं मला जमलं नाही. सांगितलं असतं तरी तो चेहरा पुन्हा आला नसता.

म्हणून प्रश्न दोन आहेत, पण मला ते एकच वाटतात. पारा ४५ च्या आसपास जातो त्या आपल्या हवेत कोणता डेव्हलपर धरून बसावं? आणि मीटर न बघता, नजरेने फोटो काढायला तुम्ही कसे शिकलात?

---

तापीकाठ (भुसावळ)

वाचनखूण साठवली. मलाही नेमकं हेच विचारायचं होतं.

---

लाल दिवा (धुळे)

रॉडिनल. पुढे वाचायची गरज नाही. :)

थोडं इस्कटून सांगतो. याचं पेटंट १८९१ चं. इतक्या वर्षांत लोकांनी ते सोडलेलं नाही, त्याला कारण आहे. बाटली वर्षानुवर्षं टिकते. रंग काळाकुट्ट झाला तरी काम करते. माझी बाटली चौथ्या उन्हाळ्यात आहे, माळ्यावर ठेवलेली. ज्याचे महिन्याला एक-दोन रोल होतात त्याने लिटर-लिटर पावडर कालवून ठेवायची कशाला? इंजेक्शनच्या सिरिंजने दहा मिली काढा, पाचशे मिली पाण्यात टाका, १+५० तयार. काम झालं की ओतून द्या, पुढच्या वेळी ताजं.

वेळ पाहायचा कंटाळा असेल तर १+१०० करा, फिल्म धुवायची टाकी सुरुवातीला हलवा आणि तासभर तशीच ठेवून द्या. तोवर जेवण होतं.

---

हायपो (जळगाव)

> तासभर तशीच ठेवून द्या

लाल दिवा भाऊ, तुमचे लळिंग किल्ल्याचे फोटो मला मनापासून आवडतात. पण हा सल्ला मे महिन्यात नव्या माणसाला देऊ नका. तासभर स्थिर ठेवायची पद्धत थंड, एकसारख्या तापमानासाठी ठीक. माझ्या स्वयंपाकघरात मे महिन्यात दुपारी ३६ अंश असतात. तिथे तासाभरात टाकीतलं पाणी किती चढेल याचा नेम नाही. शिवाय न हलवल्याने फिल्मच्या भोकांजवळून खाली ओघळल्यासारखे पट्टे येतात. मोकळं आभाळ असलेल्या फ्रेममध्ये ते लगेच दिसतात.

दुसरं असं की रॉडिनल दाणा विरघळवत नाही, जसा आहे तसा धारदार दाखवतं. १०० वेगाच्या, म्हणजे उजेड जास्त लागणाऱ्या, फिल्मवर ते देखणं दिसतं. ४०० च्या फिल्मवर, ३५ एमएममध्ये, तेच 'मोहरीएवढा दाणा' होतं. केळीबागवाला, तुमचा तो रोल रॉडिनलचा असणार.

आता मूळ मुद्दा, तापमानाचा. सगळे तक्ते २० अंशांचे असतात आणि आपल्याकडे २० अंश फक्त डिसेंबर-जानेवारीत मिळतात. ढोबळ हिशोब असा की दर अंशाला वेळ साधारण १० टक्के कमी होतो. उदाहरण घेऊ. एचपी५ प्लस फिल्म आणि आयडी-११, म्हणजे डी-७६ चा जुळा भाऊ. पाणी न घालता २० अंशांना साडेसात मिनिटं. तेच २८ अंशांना करायला गेलात तर सव्वातीन मिनिटांवर येतं. पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपर एकसारखा चढत नाही, ओतायला-काढायला लागणारे दहा-पंधरा सेकंदही मोठे ठरतात.

पण हाच डेव्हलपर १+३ करा. २० अंशांना २० मिनिटं. २८ अंशांना साडेआठच्या आसपास. म्हणजे जे पातळ प्रमाण थंडीच्या मुलखात लोकांना कंटाळवाणं वाटतं, तेच आपल्याला उन्हाळ्यात नेमकं सोयीचं पडतं! मी गेली सहा वर्षं हेच करतो. थंडीत १+१ (२० अंशांना १३ मिनिटं), उन्हाळ्यात १+३. डेव्हलपर एकच. पातळ केल्यावर टाकीत मूळ द्रावण पुरेसं राहील एवढं बघा. एका रोललाही मी मोठी टाकी घेतो, ६०० मिली भरतो, म्हणजे आत १५० मिली मूळ द्रावण जातं.

आणि पातळ डेव्हलपरचा आणखी एक फायदा. उजळ भागातला डेव्हलपर लवकर थकतो, सावलीतला काम करत राहतो. कापसाच्या बोंडावर ऊन आणि वेचणाऱ्या बाईचा चेहरा पदराच्या सावलीत, असं चित्र आपल्याकडे रोजचं. ते दोन्ही एका निगेटिव्हवर बसवायचं तर हे हवंच.

---

मुठेकाठी (पुणे)

एसी असलेल्या खोलीत धुतलं की प्रश्न मिटला ना?

---

तापीकाठ (भुसावळ)

मुठेकाठी, हवा गार होते, नळाचं पाणी नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून मे महिन्यात दुपारी येणारं पाणी हाताला चटका देतं. डेव्हलपर २४ चा आणि धुवायचं पाणी ३८ चं, असं झालं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि सुरकुततो. माझा एक रोल तसा गेलाय. तापीवरच्या रेल्वे पुलाचे फोटो होते, आता त्यांच्यावर भेगाळलेल्या शेतासारखी जाळी आहे.

त्यानंतर मी माठ घेतला, फक्त फोटोसाठी. कोरड्या हवेत तो काय गार करतो! रात्री भरून खिडकीत ठेवला की सकाळी सहाला थर्मामीटर २४ दाखवतो. त्याच पाण्यात डेव्हलपर, त्याच पाण्यात स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), धुणं. सगळ्या बाटल्या रात्रभर माठाशेजारी, ओल्या गोणपाटात. पावसाळ्यात दमट हवेत हा माठ काही कामाचा नाही, पण तेव्हा नळाचं पाणीही बरं असतं.

धुवायला वाहतं पाणीही लागत नाही. टाकी भरा, पाच वेळा उलटसुलट करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. दोन लिटरमध्ये फिल्म स्वच्छ. आमच्याकडे चार दिवसांआड पाणी येतं, मला हे शिकावंच लागलं. शेवटचं बुचकळणं मात्र बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात करा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके वाळल्यावर निघत नाहीत.

---

केळीबागवाला (रावेर)

हायपो दादा, बरोबर, तो रोल रॉडिनलचाच होता. १+३ चा हिशोब वहीत उतरवून घेतला. तापीकाठ, माठाची युक्ती आजच आईला सांगितली. ती म्हणाली, पिण्याच्या माठाला हात लावायचा नाही. नवा आणतोय.

---

भाऊसाहेब अहिराणीवाले (पारोळा)

मना अनुभव सांगस. डेव्हलपर घरीच बनाडाले गऊ आनि बठ्ठं वाया गयं!

बाकी मंडळींसाठी मराठीत लिहितो. डी-७६ चं सूत्र सोपं आहे, म्हणून केमिकल आणायला गेलो. सोडियम सल्फाईट पाहिजे असं सांगितलं. दुकानदाराने दिलं सोडियम सल्फेट. दोन्ही पांढरी पावडर. मी घरी येऊन कालवलं, तासाभरात द्रावण चहासारखं तांबूस! सल्फाईट हे डेव्हलपरला हवेपासून वाचवतं, सल्फेटला ते येत नाही. बहिणीच्या लग्नाचे दोन रोल त्यात घातले होते. काहीच आलं नाही, फिल्म काचेसारखी कोरी.

तेव्हापासून पुडीवरचं नाव तीन वेळा वाचतो आणि नव्या द्रावणात आधी फिल्मचा कापलेला तुकडा उजेडातच टाकून बघतो. दोन-तीन मिनिटांत काळा झाला तरच रोल घालायचा. ही एक गोष्ट सगळ्यांनी करा भो, हात जोडून सांगतो.

---

फोटोवाली मावशी (अमळनेर)

भाऊसाहेब, वाचून जीव हळहळला. लग्नाचे रोल जाणं म्हणजे काय ते आमच्या घराला माहीत आहे.

माझ्या वडिलांचा इथे स्टुडिओ होता. आता शटर बंद आहे, पण डार्करूम मी तशीच ठेवली आहे. मी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या हाताखाली होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आमच्याकडे डी-७६ घरीच बने. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाईट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. मेटॉल आधी, चिमूटभर सल्फाईट टाकून, मग बाकीचं सल्फाईट; उलटं केलं तर मेटॉल विरघळत नाही. मेटॉल तोलायचा काटा वडिलांनी जळगावच्या सराफ बाजारातून आणला होता, सोनं तोलायचा. याहून सोपं हवं असेल तर डी-२३ : मेटॉल साडेसात ग्रॅम, सल्फाईट १०० ग्रॅम, बस्स. दोनच जिन्नस. उजेड फार तीव्र असतो तिथे ते फार मऊ काम करतं. पण मेटॉल उघड्या हाताने हाताळू नका, हातमोजे घाला. वडिलांच्या बोटांची सालं निघायची, शेवटी शेवटी त्यांना भाकरी मोडताना त्रास व्हायचा.

फिक्सरच्या हायपोत उन्हाळ्यात ते तुरटी आणि ॲसिड घालायचे. तुरटीने जिलेटिन कडक होतं, नखाने ओरखडत नाही. वापरलेला हायपो गटारात कधी गेला नाही. चांदी काढणारा माणूस दर महिन्याला कॅन घेऊन यायचा, फिल्ममधली चांदी त्यात उतरलेली असते ना.

फिल्म कोणती? मिळेल ती. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू असायची. पण डेव्हलपर मात्र त्यांनी आयुष्यभर एकच ठेवला. मी एकदा विचारलं, तुम्ही दुसरा वापरून का बघत नाही? त्यांनी मला दोन निगेटिव्ह दाखवल्या. एक पातळ, एक दाट. म्हणाले, "दोन्ही एकाच द्रावणात धुतल्या, म्हणून मला कळतं की इथं माझी नजर चुकली. द्रावण बदललं असतं तर मी कुणाला दोष दिला असता?"

केळीबागवाला बेटा, तुझे दोन प्रश्न एकच आहेत असं तुला वाटतं, ते अगदी बरोबर आहे.

मीटर आमच्याकडे एकच होतं, कपाटात. वडील मला अंगणात उभं करायचे आणि विचारायचे, "सावलीची कड बघ. किती?" आकाशाकडे नाही बघायचं, सूर्याकडे नाही, जमिनीवरच्या सावलीच्या कडेकडे. कड सुरीसारखी धारदार असेल तर लेन्सचं छिद्र एफ १६ (आकडा लहान तसं छिद्र मोठं). कड मऊ पडली तर ११. सावली आहे की नाही असा प्रश्न पडला तर ८. सावलीच नाही, तर ५.६. शटर फिल्मच्या वेगाइतकं ठेवायचं, ४०० च्या फिल्मला १/५००. मी उत्तर दिल्यावरच ते मीटर उघडायचे. महिनाभरात मीटर कपाटातून निघेनासं झालं.

आणि निगेटिव्ह बरोबर आली का, ते कसं ओळखायचं? वर्तमानपत्रावर ठेव. सगळ्यात काळ्या भागातून, म्हणजे फोटोतल्या सगळ्यात पांढऱ्या भागातून, खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. वाचताच आली नाहीत तर जास्त धुतलंय. सहज वाचता आली तर कमी.

---

हायपो (जळगाव)

मावशी, साष्टांग नमस्कार. वर्तमानपत्राची युक्ती मला माहीत नव्हती. आत्ता उठून पाच निगेटिव्ह तपासल्या. तीनमध्ये एक अक्षर वाचता येत नाही. म्हणजे मी अजून जास्तच धुतोय.

---

लाल दिवा (धुळे)

मावशींचं पटलं. पण त्यांच्याच तर्काने मी रॉडिनलवर ठाम राहतो. मीही सहा वर्षं एकच वापरतोय, तेव्हा माझी नजर त्यावर बसली आहे. केळीबागवाला, कुणाचं ऐकायचं ते ठरवा, पण ठरवल्यावर वर्षभर हलू नका. स्थिर ठेवण्याबद्दल हायपोंचं म्हणणं मान्य, उन्हाळ्यात मीही दर मिनिटाला हलवतो.

---

नवी वाट (नाशिक)

प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. फोनमध्ये एका बोटाने कृष्णधवल होतं. मग एवढा खटाटोप कशासाठी?

---

केळीबागवाला (रावेर)

राग कसला, चांगला प्रश्न आहे. मी फोनवरही काढतो. फरक असा की फोनवर काढल्याबरोबर मी खाली मान घालून पडद्याकडे बघतो, आणि तेवढ्यात समोरचं निघून जातं. रोलमध्ये बघायला काहीच नसतं, म्हणून मी समोरच बघत राहतो. छत्तीस फ्रेममध्ये मला समोरच्या माणसाची ओळख होते.

---

चाळीसगावकर

कृष्णधवलचा धागा, खान्देश, आणि अजून केकी मूस यांचं नाव नाही?

आमच्या गावात स्टेशनजवळच्या बंगल्यात हा माणूस जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतल्यासारखा राहिला आणि १९८९ मध्ये तिथेच गेला. त्यांचं टेबलटॉप छायाचित्रण बघा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या आणि प्रकाशाने त्यातून अख्खं दृश्य उभं करायचं. बघणाऱ्याला खरं वाटावं असं. त्यांचं कलादालन गावात आहे. पाटणादेवीला, पितळखोऱ्याला जाणारे लोक आमच्या गावावरून पुढे निघून जातात, तिथे थांबत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

विषयाशी संबंध असा की 'नजरेने काढणं' म्हणजे नेहमी घाईने काढणं नव्हे. एका प्रकाशाकडे तासन् तास बघत बसणं हीसुद्धा नजरच.

---

फोटोवाली मावशी (अमळनेर)

चाळीसगावकर, अगदी मनातलं लिहिलंत. वडील मला तिथे घेऊन गेले होते. परत येताना पॅसेंजरमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत.

---

सातपुडा पायी (शहादा)

मावशींनी उजेडाचं सांगितलं, मी फोकसचं सांगतो. नजरेने काढताना तिथेच जास्त वेळ जातो.

केळीबागवाला, तुमच्या ५० एमएम लेन्सवर एफ १६ ठेवा आणि फोकस ५ मीटरवर लावून सोडून द्या. अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. आपलं ऊन एवढं कडक, की ४०० च्या फिल्मला एफ १६ आणि १/५०० दिवसभर मिळतंच. म्हणजे उजेडही आधीच लावलेला, फोकसही. कॅमेरा डोळ्याला लावला की फक्त दाबायचं. थंड, ढगाळ मुलखातल्या माणसाला ही चैन नाही! बागेच्या आत शिरताना मात्र चार स्टॉप, म्हणजे रिंगचे चार टप्पे, उघडा, एफ ४ करा, आणि तेव्हा फोकसही हाताने लावा. बाहेर पडताना पुन्हा १६. हे शिरता-निघताना बोटांनी आपोआप करायला शिका, चप्पल घालता-काढता तसं. माझी लेन्सची रिंग आता न बघता फिरते, खट-खट किती वेळा झालं ते मोजतो.

रात्रीचं वेगळं. अक्कलकुव्याकडे काठीच्या राजवाडी होळीला दरवर्षी जातो. रात्रभर ढोल आणि नाच, होळी पेटते पहाटे. मोरपिसांचे टोप, अंगावर पांढरे ठिपके, कमरेला घुंगरं. तिथे मीटर ज्वाळेकडे धरलं की काहीतरी एक सांगतं, चेहऱ्याकडे धरलं की दुसरंच. पहिल्या वर्षी मी मीटर ऐकलं आणि सगळे चेहरे बुडाले. आता ४०० ची एचपी५ प्लस १६०० ची समजून धरतो, एफ २, १/६०, आणि रात्रभर बदलत नाही. ज्वाळेजवळ जाऊन चेहरा उजळला की दाबायचं, मागे सरला की थांबायचं. धुताना आयडी-११ पाणी न घालता, २० अंशांना १४ मिनिटं. त्या दिवसांत आमच्याकडे पहाटेचं पाणी थोड्या बर्फाने २० वर येतं.

एक मात्र सांगतो. ती त्यांची होळी आहे, कुणाच्या तोंडासमोर लेन्स नेऊ नका. मी आदल्या वर्षीच्या प्रिंट घेऊन जातो आणि वाटतो. आता लोक स्वतःच हाक मारतात.

---

तापीकाठ (भुसावळ)

'आदल्या वर्षीच्या प्रिंट' साठी +१.

पिवळा फिल्टर कुणी वापरतं का? मे महिन्यात मला काहीच फरक दिसला नाही.

---

हायपो (जळगाव)

दिसणारच नाही. मे महिन्यातलं आपलं आभाळ धुळीने पांढरं असतं, निळं असेल तरच पिवळा फिल्टर त्याला गडद करेल. ऑक्टोबरमध्ये लावा, पाऊस धुऊन गेलेला असतो. एक स्टॉप जास्त द्या.

---

लेवा पाटलीण (यावल)

फिल्म टाकीत भरतानाचं कुणी बोललं नाही. चेंजिंग बॅगमध्ये (उजेड न शिरणाऱ्या पिशवीत) हात घातले की उन्हाळ्यात दोन मिनिटांत घाम, आणि घामाने प्लॅस्टिकच्या रीळवर फिल्म मध्येच चिकटते. पुढे जात नाही, मागे येत नाही, आणि बाहेर काढता येत नाही! मी एकदा पाऊण तास अशी बसले होते, हात पिशवीत, फोन वाजतोय.

आता पहाटे चारला उठून भरते. रीळ आदल्या दिवशी उन्हात वाळवलेली, हातांना पावडर न लावता (पावडरचे कण फिल्मवर बसतात), फक्त कोरड्या पंच्याने पुसलेले. फिल्मची दोन्ही टोकं कात्रीने किंचित गोल कापायची, म्हणजे रिळात अडकत नाही.

---

भाऊसाहेब अहिराणीवाले (पारोळा)

ताई, टोकं गोल कापायची युक्ती लाख मोलाची. यावलला आलो तर भरीत-भाकरी तुमच्याकडे.

---

लेवा पाटलीण (यावल)

या की भाऊ, पण थंडीत या. भरीताची वांगी तेव्हाची खरी. कापसाच्या काड्यांवर भाजलेली वांगी कृष्णधवलमध्ये कशी दिसतात ते मी काढून ठेवलंय, टाकेन एकदा.

---

केळीबागवाला (रावेर)

पाच आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचं वाचून ठरवलं : डी-७६, उन्हाळ्यात १+३, फिल्म एकच, ४०० ची. बाकीच्या बाटल्या मित्राला देऊन टाकल्या. नवा माठ, दोन गोणपाटं. सकाळी सव्वासहाला पाणी २५ अंश.

पहिले दोन रोल नुसते अंगणात आणि बांधावर, सावलीची कड बघून. वहीत प्रत्येक फ्रेमला माझा अंदाज लिहिला. पहिल्या रोलमध्ये अकरा फ्रेम पातळ निघाल्या, सगळ्या झाडाखालच्या. म्हणजे सावलीत मी उजेड जास्त समजतो. दुसऱ्या रोलला एक स्टॉप जास्त उघडलं, पातळ फक्त तीन.

तिसरा रोल परवाच्या कापणीला. मी बागेच्या तोंडाशी उभा राहिलो. एफ १६, ५ मीटर, १/५००, आणि फोन घरी ठेवून. तोच माणूस होता. सकाळभरात त्याने तीस-पस्तीस घड आणले असतील. मी सुरुवातीला काढलेच नाहीत, नुसतं बघत होतो तो उन्हात पाय टाकताना काय करतो ते. प्रत्येक वेळी सावली संपायच्या आधी एक पाऊल तो डोळे बारीक करतो. पायाखाली काय आहे ते तेव्हाच बघून घेतो, कारण घडामुळे नंतर त्याला खाली दिसत नाही. हे कळल्यावर मी त्याच पावलाला काढायला लागलो.

फ्रेम बावीस. घड खांद्यावर, चेहऱ्याच्या एका बाजूला घडाची सावली, शर्टावर चिकाचे डाग, डोळे खाली. निगेटिव्ह वाळल्याबरोबर वर्तमानपत्रावर ठेवली. मागच्या उन्हातल्या बांधातून बाजारभावाची अक्षरं वाचता येतात, जेमतेम.

मावशी, चेहऱ्याचा सावलीतला भाग थोडा कमी उमटलाय का, ते मला कळत नाही. स्कॅनमध्ये ठीक दिसतं, पण स्कॅनर स्वतःच उजळ करतो. मला याची खरी प्रिंट करून त्यांना द्यायची आहे आणि माझ्याकडे एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठं चित्र पाडायचं यंत्र, नाही.

---

हायपो (जळगाव)

वा! २५ अंशांना किती मिनिटं धुतलंत?

---

केळीबागवाला (रावेर)

तुमच्या हिशोबाने बारा मिनिटं येत होती. मावशींचं वाचून दहाच केली.

---

फोटोवाली मावशी (अमळनेर)

बेटा, दहा केलीस ते चांगलं केलंस.

चेहऱ्याचं निगेटिव्ह हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. उजेडावर धर. सावलीतल्या गालावर काहीतरी आहे ना, अगदी पुसट का होईना? असेल तर कागदावर तो गाल आणता येतो, प्रिंट करताना तेवढ्या भागावर थोडा वेळ हात आडवा धरायचा. तिथे पूर्ण कोरी फिल्म असेल तर मात्र कुणाच्याच हातात काही नाही.

रविवारी ये. वडिलांचा एन्लार्जर चालतो, गेल्या दिवाळीत मी स्वतः पुसून ठेवलाय. कागदाचं एक पाकीट आहे, जुनं आहे, एक पट्टी आधी तपासून बघू. निगेटिव्ह बटर पेपरमध्ये घाल, वहीत दाबू नकोस. आणि तुझी ती अंदाजांची वहीपण आण.

---

केळीबागवाला (रावेर)

आत्ताच उजेडावर धरली. गालावर आहे. पुसट, पण आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो, मावशी. आईने केळीचे वेफर्स द्यायला सांगितलेत. पुढची कापणी गुरुवारी आहे, तोवर प्रिंट वाळेल ना?

---

फोटोवाली मावशी (अमळनेर)

वाळेल. दोन काढू, एक त्यांची, एक तुझी.